पेव

वडील हरिपूरला मुकादम होते, हळदीच्या पेवांवर.
वरून बघाल तर नुसतं रान,
दोन शेळ्या, वाळत टाकलेली गोणपाटं.
कोणाची हळद कुठल्या तोंडाखाली, किती पोती,
जमिनीवर खूण नाही.
ते सगळं वडिलांच्या पोटात
आणि एका लाल वहीत,
जी घरातसुद्धा कुलपाआड.

पेव उघडलं म्हणून लगेच उतरायचं नसतं.
माती ओढायची, पाला काढायचा,
चार-पाच तास आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची,
मग दोराला कंदील बांधून सोडायचा.
कंदील विझला, तर माणूस थांबला.
व्यापारी घाई करायचे, भाव चढलाय म्हणायचे.
वडील तंबाखू मळत बसायचे.

मी विश्रामबागेत, पतसंस्थेच्या तिसऱ्या मजल्यावर.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि भिंतीलगतच्या काळ्या कपाटात
एकोणतीस हजार खातेदार मंद घुमत असतात.

नवी वेबसाइट बांधणारा पुण्याचा मुलगा म्हणाला,
चाचणीला डेटा लागेल मॅडम, खराच द्या,
खोट्यात चुका सापडत नाहीत.
हिंगमिरे साहेब म्हणाले, द्या की, आपलाच माणूस आहे,
सोमवारचं उद्घाटन, पत्रिका छापून झाल्यात.
मी म्हटलं, आधी कंदील सोडते.
दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

नावं, आधार, मोबाइल बदलायला
एक आज्ञा पुरते. मिनिटभरात सगळी माणसं परकी.
पण शेऱ्याच्या रकान्याला ती आज्ञा लागत नव्हती.
कुणा कुणा क्लार्कनं वीस वर्षं तिथं लिहून ठेवलेलं:
फोन फक्त दुपारी करावा.
सही थरथरते, घाई करू नये.
पासबुक नवऱ्याच्या हाती देऊ नये.
मुलाला ठेवीचं कळवू नये, बाई रडल्या.

रात्रीचे साडेदहा.
मूळ नोंदी ताडून बघताना
एका ओळीत आमच्या शेजारच्या सुगंधाक्का मगदूम.
वारस म्हणून एक नाव,
जे आमच्या गल्लीत कोणी कधी घेतलेलं नाही.
नातं: रिकामं.
पुढच्या रकान्यात पत्ता, फक्त एक क्लिक.

बोट माउसवर होतं. खोटं कशाला बोलू,
बराच वेळ होतं.
मग मी दोर ओढला, वर आले.
शेऱ्याचा रकाना नकलेतून सबंध काढून टाकला,
वारसांचाही.
रिकाम्या जागी माझी माणसं बसवली:
राजापुरी हळदे, वय चौतीस.
सेलम पोतदार. कडप्पा भिशीकर.
पुण्याच्या मुलानं फोन केला,
मॅडम, ही राजापुरी कोण?
म्हटलं, जुनी खातेदार आहे, जपून.

घरी वडील टीव्हीसमोर.
बातमीवाला सांगत होता,
ऑनलाइन फसवणुकीचं पेव फुटलंय.
वडील चिडले.
पेव आपोआप फुटतंय व्हय?
कुणीतरी आधी तोंड सैल सोडलेलं असतंय.
थोड्या वेळानं, स्वतःशीच,
पुराचं सोडा. त्या साली कृष्णा आत शिरली,
तिला काय कंदील दाखवणार.
बारा पेवं कुजली. कोणाकोणाची,
ते त्यांनी आजही सांगितलं नाही.

सकाळी अक्का विरजण मागायला आल्या.
रात्री लई उशीर झाला काल?
काय करतीस गं तिथं एवढ्या वेळ?
म्हटलं, साफसफाई.
त्या हसल्या. वाटीवर पदर धरून
पायऱ्या उतरल्या, एकेक, गुडघा सांभाळत.
मी दार लगेच लावलं नाही.
जरा हवा जाऊ दिली.